चोर सोडून संन्याशाला फाशी

पुण्यात नदीचा विषय निघाला की हल्ली एक मत हमखास कानावर येतं : मैलाशुद्धीकरण केंद्रं म्हणजे पांढरे हत्ती. नागरिकांच्या बैठकांत ते ऐकू येतं, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतं, आणि नदीसाठी वर्षानुवर्षं झटणाऱ्या काही कार्यकर्त्यांच्या तोंडीही ते आता बसलं आहे. मांडणी साधारण अशी असते. महापालिकेने दहा केंद्रं बांधली. कागदावर त्यांची क्षमता ५६७ एमएलडी, म्हणजे रोज ५६ कोटी ७० लाख लिटर मैलापाणी. तरीही संगम पुलावरून जाताना नाक दाबावं लागतं आणि उन्हाळा लागला की जलपर्णी पात्र झाकून टाकते. आता जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून आणखी अकरा केंद्रं, ३९६ एमएलडीची. करार २०१६ च्या जानेवारीत झाला, भूमिपूजनाला २०२२ चा मार्च उजाडला, आणि ९९० कोटींचा प्रकल्प तोवर १,४७० कोटींच्या पुढे गेला. पैसा मुरतो, नदी तशीच राहते. तेव्हा केंद्रांचा नाद सोडा. धरणातून पाणी सोडा, ओढ्यांत वनस्पती लावा, कारखान्यांना पकडा, नदीकाठ सुधारा.

यातला राग खरा आहे आणि तो बाळगणारी माणसं नदीवर जीव लावणारी आहेत. म्हणूनच या मताला सविस्तर उत्तर द्यायला हवं. रागाचं कारण बरोबर असूनही त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो नुसता चुकीचा राहणार नाही, नदीला महागात पडेल. केंद्रं बांधणं आणि त्याहून जास्त ती रोज चालवणं, हे कोणत्याही महापालिकेच्या अंदाजपत्रकातलं सर्वांत बिनकौतुकाचं काम. त्याची फीत कापायला एकदा गर्दी होते, पण टाक्यांत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं वीजबिल वेळेवर भरलं म्हणून कोणाचा सत्कार होत नाही. अशा कामाविरुद्ध खुद्द नदीप्रेमीच बोलू लागले, तर कात्री पहिल्यांदा तिथेच लागेल.

आधी मुठेची आजची स्थिती नीट समजून घेऊ. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांत अडवलेलं पाणी शहराच्या जलवाहिन्यांत आणि उजव्या कालव्यात जातं. नदीपात्रात मोठा विसर्ग होतो तो पावसाळ्यात, धरणं भरल्यावर. मग डिसेंबरपासून जूनपर्यंत म्हात्रे पुलाखाली, डेक्कनला जे वाहताना दिसतं, ते येतं कुठून? बहुतांशी आपल्या घरांतून. स्वयंपाकघराच्या मोरीतून, न्हाणीघरातून, संडासातून. त्यातलं काही केंद्रातून शुद्ध होऊन बाहेर पडतं, काही नाल्यांतून जसंच्या तसं येऊन मिळतं. म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त महिने शहरातल्या मुठेचे उगम दोनच : केंद्राचा निचरा आणि नाल्याचं तोंड. कोणत्या उगमातून जास्त पाणी यायला हवं, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. केंद्राला नको म्हणणारा माणूस, त्याच्या मनात नसलं तरी, नाल्याच्या बाजूने मत देत असतो.

धरणातून पाणी सोडा म्हणजे नदी आपोआप वाहती आणि स्वच्छ होईल, हा उपाय ऐकायला सर्वांत नैसर्गिक वाटतो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. मैलापाण्याची घाण मोजायची रूढ पद्धत म्हणजे बीओडी : पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात त्याचं माप. शहरी मैलापाण्यात ते लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. नदीत अंघोळ करता यावी यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरवलेली मर्यादा आहे ३ मिलिग्रॅम. धरणाच्या चांगल्या पाण्याचं बीओडी १ धरलं, तर एक लिटर कच्चं मैलापाणी नुसतं पाणी मिसळून त्या मर्यादेत आणायला जवळपास शंभर लिटर धरणाचं पाणी लागतं. नव्या अकरा केंद्रांनी हाताळायचं मैलापाणी ३९६ एमएलडी. ते शुद्ध न करता फक्त पातळ करायचं म्हटलं तर रोज सुमारे १.४ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडावं लागेल. चारही धरणांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी. म्हणजे काठोकाठ भरलेली धरणं तीन आठवड्यांत रिकामी, आणि तीही शहराला प्यायला आणि शेताला थेंबही न देता.

नदी वाटेत स्वतः काही घाण पचवते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण त्याची जात बदलणार नाही. आता तेच मैलापाणी केंद्रातून नीट शुद्ध होऊन १० मिलिग्रॅम बीओडीवर बाहेर पडलं असं धरा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये मोठ्या शहरांसाठी हाच निकष सांगितला. तेव्हा दर लिटरमागे धरणाचं पाणी लागतं साडेतीन लिटर. शंभर कुठे आणि साडेतीन कुठे! नदीला वाहतं पाणी मिळालंच पाहिजे, ती मागणी माझीही आहे. पण धरणातला तो थोडा विसर्ग उपयोगी पडायचा असेल, तर आधी केंद्राने आपलं काम केलेलं असावं लागतं. केंद्राशिवाय सोडलेलं पाणी म्हणजे पुण्याची घाण दौंडकडे लवकर पोचवण्याची सोय.

मग दहा केंद्रं असूनही नदी घाण का, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. उत्तरासाठी केंद्राच्या आत जाऊन पाहावं लागतं. मैलापाणी आधी लोखंडी जाळ्यांतून जातं. तिथे चिंध्या, सॅनिटरी नॅपकिन, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या अडकतात. मग वाळू आणि खडे खाली बसतात. त्यानंतर येते वायुवीजनाची टाकी, आणि खरं काम होतं ते इथे. तळातून हवेचे बारीक बुडबुडे सोडतात आणि त्या हवेवर कोट्यवधी जिवाणू जगतात. मैल्यातली सेंद्रिय घाण हे त्यांचं अन्न. खाऊन झालं की ते एकमेकांना चिकटून गाळाचे पुंजके बनतात, पुढच्या टाकीत खाली बसतात आणि वरचं पाणी निथळून निघतं. बसलेला गाळ थोडा परत पहिल्या टाकीत पाठवतात, म्हणजे जिवाणूंची फौज कायम राहते. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत जगापुढे मांडली आणि जगभरातल्या शहरांचं मैलापाणी आजही मुख्यतः याच तत्त्वावर शुद्ध होतं.

अशा केंद्रात जाणता ऑपरेटर रोज एक साधी चाचणी करतो. टाकीतलं पाणी एक लिटरच्या काचेच्या उभ्या नळीत घेऊन अर्धा तास न हलवता ठेवतो. गाळ निरोगी असेल तर तो तपकिरी, चॉकलेटी रंगाचा दिसतो, त्याला ओल्या मातीचा वास येतो, तो हळूहळू खाली उतरतो आणि वर स्वच्छ पाण्याचा थर दिसू लागतो. गाळ काळा पडला, सडक्या अंड्यांसारखा वास मारू लागला, तर समजावं की जिवाणूंना हवा मिळालेली नाही. काही तास वीज गेली आणि जनरेटरला डिझेल नसलं तर हे होतं. कोणा कारखान्याने रात्री चोरून आम्ल किंवा जड धातूंचं पाणी मलवाहिनीत सोडलं तर हे होतं. वीजबिल वाचवायला ब्लोअर बंद ठेवले तरीही हेच होतं. एकदा मेलेली फौज पुन्हा उभी राहायला दिवस, कधी आठवडे लागतात. केंद्र ही जिवंत वस्तू आहे आणि जिवंत वस्तू उपाशी ठेवून तिच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट केंद्राच्या बाहेर घडते. पुण्यात मैलापाण्याच्या कित्येक वाहिन्या ओढ्या-नाल्यांच्या काठाने, काही तर थेट पात्रातूनच नेलेल्या आहेत. चेंबर ओढ्यात उभे. कुठे नाल्यात आडवा बांध घालून मैलापाणी वाहिनीत वळवलेलं असतं. त्या तोंडाशी दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक फाटकी गोधडी अडकली की पाणी बांधावरून उडी मारतं आणि सरळ नदीला जातं. पावसाळ्यात लोंढा आला की चेंबरचं झाकण उडतं, वाहिनीत राडारोडा भरतो आणि तो काढायला पुढचा उन्हाळा उजाडतो. त्यात शहराची हद्द वाढत गेली. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. इमारती उभ्या राहिल्या, नळजोड मागितले गेले, पण मलवाहिन्या मागे राहिल्या. जे मैलापाणी केंद्राच्या फाटकापर्यंत पोचलंच नाही, ते शुद्ध केलं नाही म्हणून केंद्राला दोष देणं हा कुठला न्याय?

हे दुखणं एकट्या पुण्याचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये देशभरातल्या केंद्रांची यादी प्रसिद्ध केली. त्यात महाराष्ट्राच्या शहरांतून रोज ९,१०७ एमएलडी मैलापाणी तयार होतं, उभारलेली क्षमता ६,८९० एमएलडी आहे, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते ४,२४२ एमएलडी, असे आकडे आहेत. पहिल्या दोन आकड्यांतली तफावत म्हणजे आपण न बांधलेली केंद्रं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यांतली तफावत, म्हणजे २,६०० एमएलडीहून जास्त, ही बांधून ठेवलेली पण पूर्ण न वापरलेली क्षमता. पांढरा हत्ती म्हणणाऱ्यांचं बोट या दुसऱ्या तफावतीकडे आहे आणि ते योग्य जागी आहे. पण त्यातून निघणारी मागणी कोणती असायला हवी? वाहिन्या जोडा, केंद्रं पूर्ण ताकदीने चालवा, ही. 'केंद्रं नकोत' हे उत्तर त्या आकड्यांतून कुठल्याच गणिताने येत नाही. मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले, त्यातले सर्वाधिक, ५३, महाराष्ट्रात होते. शुद्धीकरण जास्त झालं म्हणून हे पट्टे घाण झाले असं कोणी म्हणू शकेल का?

आता नदीकाठ सुधारण्याबद्दल. पुण्यात ४४ किलोमीटरच्या नदीकाठ विकसनाची योजना हाती घेतलेली आहे. तिच्यामुळे पुराचं काय होईल, काठावरच्या झाडांचं काय होईल, हे वाद वेगळे आणि महत्त्वाचे आहेत. इथे मुद्दा एवढाच की काठ सुधारून पाणी सुधारत नाही. हा धडा लंडनने आपल्याआधी गिरवला. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेचं कामकाज अशक्य केलं, तेव्हा जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहरभर मोठ्या मलवाहिन्या बांधल्या आणि नदीकाठाने भव्य बांध घातला. व्हिक्टोरिया बांध १८७० मध्ये खुला झाला. काठ देखणा झाला, पटकीच्या साथी थांबल्या. पण वाहिन्यांनी मैला शहराच्या खाली नेऊन कच्चाच नदीत सोडला. पुढच्या शतकात, १९५७ मध्ये, लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने टेम्सच्या त्या पट्ट्याला जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवलं. तो जिवंत झाला तो बेकटन आणि क्रॉसनेस इथली शुद्धीकरण केंद्रं वाढवून, सुधारून. १९७४ मध्ये टेम्समध्ये पुन्हा सॅमन मासा सापडला, शतकाहून अधिक काळानंतर. दगडी काठ शंभर वर्षं उभा होता, मासा आला तो केंद्रांनंतर.

जवळचं उदाहरण हवं असेल तर अहमदाबाद आहे. साबरमतीचा सजवलेला काठ सगळा देश बघायला जातो. तिथे भरलेलं दिसतं ते नर्मदेच्या कालव्याचं पाणी. शहराच्या खालच्या अंगाला साबरमतीची जी दशा झाली, तिची गुजरात उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली. पुण्याने अहमदाबादकडून काही शिकायचं असेल तर हे आधी शिकावं. काठावर एक रुपया खर्च करण्यापूर्वी त्या पट्ट्यात येणाऱ्या प्रत्येक नाल्याचं मैलापाणी केंद्राकडे वळलं आहे का, हे तपासावं.

'खरे गुन्हेगार कारखाने आहेत' हा मुद्दाही वारंवार येतो. कारखान्यांना मोकळं सोडा असं मी म्हणणार नाही. पवनेच्या आणि मुळेच्या पट्ट्यातले रासायनिक निचरे पकडलेच पाहिजेत, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते केंद्रातले जिवाणूही मारतात, म्हणून ते दुहेरी गुन्हेगार आहेत. पण या युक्तिवादात एक सोयीची पळवाट दडलेली आहे. दोष कारखान्याचा म्हटलं की आपला संडास निर्दोष ठरतो. मुठेच्या काठावर विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत कोणते मोठे रासायनिक कारखाने आहेत? तिथे वस्ती आहे, हॉटेलं आहेत, दवाखाने आहेत, मंगल कार्यालयं आहेत. तिथला मैला आपला आहे. निर्माल्य आणि मूर्ती यांवर दर भाद्रपदात जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही रोज सकाळी सहा ते दहा या वेळेत फ्लश होणाऱ्या पाण्यावर होत नाही. निर्माल्य दहा दिवसांचं आहे, मैला तीनशे पासष्ट दिवसांचा.

वनस्पतींच्या साहाय्याने, तळी करून, ओढ्यातल्या ओढ्यात पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती चांगल्या आहेत. नागपूरच्या 'नीरी' या संशोधन संस्थेने त्यावर मोलाचं काम केलं आहे. गावांत, शाळांच्या आवारात, मोकळी जागा असलेल्या वसाहतींत त्या जरूर वापराव्यात. त्यांना वीज कमी लागते, देखभाल सोपी असते. पण जागा भरपूर लागते. तळ्यांच्या पद्धतीने एक एमएलडी मैलापाणी शुद्ध करायला साधारण एक हेक्टर जमीन धरावी लागते, अनेकदा त्याहूनही जास्त. ३९६ एमएलडीसाठी हजार एकर. पुण्यात हजार एकर सपाट, मोकळी, नदीजवळची जमीन कोणी दाखवावी. ओढ्याच्या पात्रात केळ आणि कर्दळ लावून एक टप्पा सुधारतो हे खरं, पण वरच्या अंगाला नवे टॉवर मैला सोडतच राहिले तर त्या कर्दळीवर तिला पेलणार नाही एवढं ओझं आपण टाकतो. हे पूरक उपाय आहेत. त्यांना मोठ्या केंद्राच्या जागी बसवणं म्हणजे त्यांचीही बदनामी ओढवून घेणं.

केंद्राला शेजारी विरोध करतात तेव्हा त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेतो. बंद पडलेल्या केंद्राशेजारी राहणं ही शिक्षा असते. खिडक्या उघडता येत नाहीत, पाहुणे बोलावता येत नाहीत, फ्लॅटचे भाव पडतात. पण दुर्गंध येतो तो मुख्यतः सडलेल्या गाळाचा, हवा न मिळालेल्या टाकीचा, वेळेवर न उचललेल्या कचऱ्याचा. नीट चालणाऱ्या वायुवीजन टाकीला मातीचा वास असतो. झाकलेल्या टाक्या आणि वास शोषून घेणारी यंत्रणा आज सहज बसवता येते. शेजाऱ्यांनी लेखी हमी मागावी : गाळ किती तासांत उचलला जाईल, तक्रार कोणाकडे करायची, चूक झाली तर ठेकेदाराचं किती बिल कापलं जाईल. केंद्रच नको म्हटलं तर त्यांच्याच नाल्यातून तोच मैला उघड्यावर वाहत राहील, आणि त्याच्यावर दंड बसवायला कोणी ठेकेदारही नसेल.

या सगळ्या वादात पुण्याच्या बाहेरची माणसं कुठेच नसतात, याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा उजनीत. त्या धरणावर सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी अवलंबून आहे, भिगवणच्या मच्छीमारांची चूल अवलंबून आहे. वाटेत दौंड आणि इंदापूर तालुक्यांतल्या गावांच्या विहिरी आणि शेतं आहेत. शहर वाढलं तसं पुण्याने खडकवासल्याचं जास्त पाणी उचललं आणि कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याचा वाटा कमी होत गेला. त्याच्या बदल्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून ६.५ टीएमसी शुद्ध केलेलं पाणी बेबी कालव्यातून शेतीला द्यायचं ठरलं. पुण्याने घेतलेल्या पाण्याची ती परतफेड आहे. पण येणारं पाणी काळं आणि फेसाळ असल्याची तक्रार तिथले शेतकरी वर्षानुवर्षं करत आहेत. अर्धवट शुद्ध केलेलं पाणी देणं म्हणजे उसने घेतलेले गहू किडके करून परत करणं. केंद्राला पांढरा हत्ती म्हणताना त्या शेतकऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा.

पाण्यात मैला मिसळला की काय होतं हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. २०१२ मध्ये पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली. हेपॅटायटिस ई हा विषाणू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातो. माणसं दगावली. गरोदर बाईला हा आजार विशेष घातक असतो. शुद्धीकरणाचा खर्च फार होतो म्हणणाऱ्यांनी दवाखान्याचं बिल, बुडालेली मजुरी आणि टँकरचं पाणी हाही खर्च मांडावा. तो कोणाच्याच अंदाजपत्रकात येत नाही, कारण तो गरिबाच्या खिशातून जातो.

आणि केंद्र नुसतं खातंच असं नाही. नागपूरच्या भांडेवाडीतल्या केंद्रातून शुद्ध झालेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. तेवढं ताजं पाणी माणसांसाठी आणि शेतीसाठी वाचतं. बांधकामं, रस्ते धुणं, बागा, कारखान्यांचे शीतक मनोरे, यांना पिण्याचं पाणी देणं हा पुण्यासारख्या शहराचा गुन्हा मानला पाहिजे. शुद्ध पाण्याला गिऱ्हाईक आहे. त्यासाठी पाणी खरंच शुद्ध हवं आणि त्याची खात्री रोज मिळायला हवी.

म्हणून ज्यांना महापालिकेचा राग आहे त्यांनी तो सोडू नये, त्याला योग्य दारात न्यावं. कायदा आपल्या बाजूने आहे. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ चा. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्थानिक संस्थांना तीन वर्षांत मैलाशुद्धीकरण केंद्रं उभारायला सांगितलं आणि ती चालवायचा पैसा कसा उभा करायचा हेही ठरवायला लावलं. ती मुदत कधीच संपली. तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात.

पहिली, प्रत्येक केंद्रात रोज किती मैलापाणी आलं, किती शुद्ध झालं, किती तसंच सोडून दिलं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचं बीओडी किती होतं, हे केंद्राच्या फाटकावरच्या फलकावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर दिसलं पाहिजे. दुसरी, ठेकेदाराला बिल मिळावं ते शुद्ध झालेल्या पाण्याच्या दर्जावर. नमुने त्याने नव्हे, त्रयस्थ प्रयोगशाळेने घ्यावेत, तेही न सांगता, रात्रीसुद्धा. तिसरी, नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याला क्रमांक द्यावा, त्याचं मैलापाणी कधी वळवणार याची तारीख जाहीर करावी, आणि समाविष्ट गावांत मलवाहिनी पूर्ण झाल्याखेरीज नव्या इमारतींना भोगवटापत्र देऊ नये. चौथी, केंद्रांना स्वतंत्र वीजवाहिनी आणि चालवण्याच्या खर्चाची वेगळी, हात न लावता येणारी तरतूद. पाचवी, मोठ्या सोसायट्यांनी परवानगीपुरती बांधलेली आणि मग बिल वाचवायला बंद ठेवलेली छोटी केंद्रं तपासून चालू करायला लावावीत. ही शेवटची मागणी करताना आपल्यापैकी कित्येकांना आधी स्वतःच्या सोसायटीच्या सभेत उभं राहावं लागेल. राहावं.

यातली एकही मागणी केंद्रं नकोत म्हणून पूर्ण होत नाही. प्रत्येक मागणीला केंद्र हवं, आणि ते चालू हवं. प्रभागात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला यापुढे तीन प्रश्न विचारू : आपल्या प्रभागातून नदीला किती नाले मिळतात, त्यातल्या किती नाल्यांचं मैलापाणी केंद्रात जातं, आणि त्या केंद्राचं गेल्या महिन्याचं बीओडी किती होतं? ज्याला ही तीन उत्तरं पाठ नाहीत, त्याला नदीबद्दल भाषण करण्याचा अधिकार नाही, आणि आपलं मत मागण्याचाही नाही.